बारशाच्या डीव्हीडीतली बाई

मूल हाकेला ओ देत नाही, ही तक्रार घेऊन डॉक्टरकडे जाण्यात एक वेगळाच अपमान आहे. ताप असेल तर थर्मामीटर दाखवता येतो, पुरळ असेल तर पोट दाखवता येतं. ओ न देणं दाखवायचं कसं? हाक मारून. म्हणजे आपण केबिनमध्ये 'शिवानी, ए शिवानी, शिवू, शिवक्का' असं ओरडत राहायचं आणि आपल्या पोटच्या पोरीनं आपल्याकडे पाठ करून भिंतीवरच्या जिराफाच्या ठिपक्यांवरून बोट फिरवत बसायचं.

माझी शिवानी यंदा मोठ्या शिशुवर्गात आहे. ऐकायला तिला उत्तम येतं. कानाच्या तपासण्या झाल्या, त्या माझ्यापेक्षा चांगल्या आल्या. खालच्या मजल्यावर कुणी वेफर्सचं पाकीट फोडलं तर हिला वर कळतं. माझ्याशी मराठी बोलते, आजीशी कन्नड बोलते, समोरच्या झीनतभाभींना त्यांच्या दख्खनीत 'नक्को' म्हणते. 'ये' म्हटलं की येते, 'जेव' म्हटलं की पळते. फक्त 'शिवानी' म्हटलं की काही होत नाही. रागावून तोंड फिरवते, असंही नाही. ते नाव दुसऱ्याच कुणाचं तरी असावं आणि आपण मध्ये कशाला बोला, अशा सभ्यपणानं गप्प राहते.

शाळेत हजेरीच्या वेळीही तेच. बाई 'शिवानी' म्हणतात, ही समोर बसून बाईंच्या कानातल्यांकडे बघत राहते, बाई गैरहजेरी मांडतात. माझी मुलगी रोज शाळेत जाते आणि रोज गैरहजर असते. शेवटी मुख्याध्यापिकांनी मला बोलावून घेतलं आणि डॉक्टरांचं पत्र आणा म्हणाल्या. पत्र मिळालं तर पहिलीत, नाहीतर याच वर्गात पुन्हा एक वर्ष. "तसं काही नसेलच हो," त्या म्हणाल्या, आणि 'तसं' या शब्दावर त्यांनी आवाज इतका खाली आणला की मी रिक्षात बसून घरी येईपर्यंत रडले.

डॉक्टर तरुण होत्या, हसऱ्या होत्या. त्यांनी विचारलं, "बाळ असताना नावाला वळून बघायची का? त्या वेळचा एखादा व्हिडिओ आहे? पेनड्राइव्हमध्ये घेऊन या."

आहे म्हणाले मी. कुणाकडे नसतो?

आमच्याकडे नव्हता. शिवानीचं पहिलं वर्ष सगळंच्या सगळं बसवेशच्या फोनमध्ये होतं, आणि तो फोन पाणी आलंय का हे टॉर्च लावून बघताना गच्चीवरच्या टाकीत पडला. बसवेश म्हणजे माझा नवरा. पाणी आलेलं होतं. राहिली होती ती एकच गोष्ट, बारशाची डीव्हीडी. बारसं माझ्या माहेरी मैंदर्गीला झालं. तोवर सगळीकडे पेनड्राइव्ह आले होते, पण आमचे व्हिडिओवाले निंगप्पा डीव्हीडीच द्यायचे, कारण त्यांच्याकडे कोऱ्या चकत्यांचं खोकं शिल्लक होतं.

कपाट उपसलं, दिवाण उपसला. डीव्हीडी मिळाली नाही. दुपारी अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई पार्वतम्मा, गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, "ती गोल गोल आरशासारखी व्हय? ही काय की इथं."

कबुतरं येऊ नयेत म्हणून अव्वांनी गॅलरीत सुतळीला चकत्या टांगल्या होत्या. आमच्या लग्नाची, एक भजनाची आणि मध्ये 'शिवानी बारसं'. सोलापूरचे चार उन्हाळे त्या चकतीनं लोंबकळत काढले होते. तरी कबुतरं यायचीच. लग्नाच्या चकतीवर तर त्यांचा विशेष राग दिसला. पण बारशाची चकती जिथं लटकत होती, त्या खांबाजवळ एक पीसही पडलेलं नव्हतं. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं. मी गॅसचं बटण तीनदा बघणारी बाई आहे. पण तेव्हा मी फक्त ओरखडे बघत होते.

ओरखडे घालवायला काय लावावं, यावर आमच्या मजल्यावर मतभेद झाले. झीनतभाभी म्हणाल्या, "टूथपेस्ट लगा. पण लाल नक्को, सफेद लगा." बसवेश म्हणाला चष्म्याचं फडकं. अव्वा काहीच बोलल्या नाहीत, पण मी भाकरी टाकून येईपर्यंत त्यांनी चकतीला देवघरातली विभूती लावून, पितळेच्या तांब्यासारखी घासून ठेवली होती. चकती चमकत होती आणि तिच्यावर तीन आडवी बोटं उमटली होती. पुसली तरी जाईनात. माझ्या बी.कॉम.च्या शिक्षणात यावर काही उपाय नव्हता.

आता पुढची अडचण. माझ्या लॅपटॉपला चकती घालायची फटच नाही. झीनतभाभींच्या मिस्टरांनी, तौहीदभाईंनी, दुकानातून वायरनं जोडायचा ड्राइव्ह आणून दिला. तो सुरू झाला की शेंगदाणे वाटायला घेतल्यासारखा आवाज यायचा. सॉफ्टवेअर मात्र फुकटचं, नेटवरून घेतलं. त्याच्या चित्रात एक अननस होता आणि शेजारी सरबताचा पेला.

"हे काय पेयाचं?" अव्वांनी मागून विचारलं.

"सॉफ्टवेअर आहे अव्वा. डीव्हीडीची फाईल करतं."

"मग पेला कशाला?"

याचं उत्तर मला आजही माहीत नाही. बारशासारख्या शुभकार्याला असला पेला मध्ये नको, असं अव्वांचं म्हणणं पडलं. मी त्यांना लिंबू सरबत आहे असं सांगितलं तेव्हा कुठं त्या आत गेल्या.

मी बटण दाबलं. हिरवी पट्टी सरकू लागली. फुकटच्या सॉफ्टवेअरची एक गंमत असते, ते कधीच नाही म्हणत नाही. ते फक्त थांबतं. पट्टी अर्ध्याच्या जरा अलीकडे येऊन थांबली. ड्राइव्हमध्ये शेंगदाण्याऐवजी खडे पडल्यासारखं वाजू लागलं. मी बंद केलं, पुन्हा लावलं. पुन्हा तिथंच. टूथपेस्ट लावली, पांढरी. पुन्हा तिथंच. चकती फ्रिजमध्ये ठेवून बघ, असं बसवेशनं ऑफिसातून कळवलं. तेही केलं. पुन्हा तिथंच, फक्त आता गारठून.

तेवढ्यात शिवानी खेळता खेळता आली आणि माझ्या खुर्चीला टेकून पट्टीकडे बघत उभी राहिली.

"ती आली का?" तिनं विचारलं.

"कोण गं?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी वेडंवाकडं विचारलं होतं. मग ती आत चिवडा खायला निघून गेली. आणि पट्टी सरकायला लागली. खडखड थांबली, अगदी तुपात सुरी फिरावी तशी ती शेवटपर्यंत गेली. मी मनाला समजावलं, टूथपेस्ट वाळायला वेळ लागला असेल.

फाईल तयार झाली. मी कुकर लावला आणि बघायला बसले.

निंगप्पांची कला तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगते. आधी एक कमळ उमललं, त्यातून शिवानी निघाली. मग एक सफरचंद कापलं गेलं, त्यातूनही शिवानी निघाली. मग माझ्या नणंदेचा, श्रीदेवीचा चेहरा चंद्रात आला, कारण बारशाला आत्याचा मान मोठा. या सगळ्यावर एक मोठ्यानं वाजणारं गाणं. गाण्याखाली माणसं तोंडं हलवत होती, माशांसारखी.

मग पाळणा आला. पाच सुवासिनी पाळण्याभोवती. माझी आई सावित्रम्मा, अव्वा, दोन काकू, एक मावशी. बाळ पाळण्याखालून द्यायचं, वरून घ्यायचं, हे सुरू होतं. आणि शिवानी रडत होती. आवाज गाण्यात बुडालेला, पण तोंड वासलेलं, मुठी आवळलेल्या. एकीनं दिली, दुसरीनं घेतली. दुसरीनं खालून दिली. आणि ती घेतली सहाव्या बाईनं.

मी फाईल मागे घेतली. पुन्हा बघितलं.

म्हातारी बाई. हिरवं इरकल लुगडं, कपाळावर विभूती, पदर डोक्यावरून. तिनं शिवानीला अगदी सवयीच्या हातांनी घेतलं, जसं आपण आपलंच मूल घेतो. तोंड तिच्या कानाशी नेलं आणि काहीतरी सांगितलं. शिवानीचं रडणं थांबलं. नुसतं थांबलं नाही. बारा दिवसांच्या त्या मुलीनं मान वळवून, डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. डॉक्टरांना हवं होतं ते हेच, नावाला वळून बघणं. मग चित्र उडी मारून तुटलं, आणि पुढच्या क्षणी श्रीदेवी हसत हसत वाकली, कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगितलं, आणि बाकीच्यांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत गुद्दे घातले. शिवानी पुन्हा रडायला लागली होती. ती बाई कुठंच नव्हती. पुढे पंगत होती, आहेर होते, ग्रुप फोटो होता. ती कशातच नव्हती.

कुकरची शिट्टी झाली आणि मी किंचाळले.

बाई कोण, हे शोधणं सोपं जाईल असं मला वाटलं. मी मैंदर्गीला आईला फोन केला, फोटो काढून पाठवला.

"यव्वा, ही तर तुमच्या सोलापूरकडची की," आई म्हणाली. "मी तिला चहा दिला. बसा म्हणाले. आम्ही लुगडंपण नेसवलं असतं, पण बघते तर गेलेली."

"नाव विचारलं नाहीस?"

"अगं, व्याह्यांकडच्या पाव्हणीला 'तुमी कोण' म्हणून विचारायचं? उद्या तुझ्या सासूनं धरून ठेवलं असतं ते."

अव्वांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून, काढून, परत लावून बघितला. "ही तुमच्या मैंदर्गीची. आम्हाला वाटलं तुझ्या आईची जाऊ. आम्ही तर मुद्दाम पुढं बसवलं हिला. विचारलं न्हाई. लेकीकडच्या माणसाला असं विचारणं बरं दिसतं का?"

म्हणजे दोन्ही घरांनी एकमेकांच्या मानापायी एका परक्या बाईला माझी मुलगी हातात दिली होती. हे मी शांतपणे लिहितेय. तेव्हा मी शांत नव्हते.

श्रीदेवी रिक्षा करून आली. तिनं फाईल पाहिली आणि तिचा चेहरा चंद्रातल्यापेक्षाही पांढरा झाला. मला वाटलं घाबरली. पण नाही.

"वैनी," ती म्हणाली, "म्हणजे मार मी खाल्ला आणि नाव हिनं सांगितलं?"

"वन्सं, मुद्दा तो नाहीये—"

"मुद्दा तोच हाय! माझी पाठ तीन दिवस दुखत होती. तुमच्या मावशीचा हात काय हात हाय का?" मग ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे मी सांगायच्या आधीच पोरीला नाव पडलं होतं."

गॅलरीत एक कबुतर येऊन बसलं, आत बघितलं आणि उडून गेलं.

झीनतभाभी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हमारे में तो पैदा होते ही कान में अजान देते. आब्बा देते नहीं तो घरका कोई बुजुर्ग. पहले जो कान में पडता ना वहिनी, वोच् बैठता. बादमें कित्ताबी बुलाव, ऊपर-ऊपरसे जाता." त्यांनी शिवानीच्या डोक्यावरून हात फिरवला. "कौन थी की. क्या बोली की."

क्या बोली की. तेच तर.

निंगप्पांचा नंबर मिळाला. ते आता ड्रोन उडवतात. "नमस्कार मॅडम! हौदू हौदू, आठवतंय की, सफरचंद हिट झालं होतं," ते म्हणाले. मी त्या बाईचं विचारलं. "त्या तुमच्यातल्याच न्हवं? त्यांनीच मला सांगितलं की, हितं उभा राहा, हितनं चांगलं दिसतंय. आणि खरंच चांगलं दिसत होतं. मग म्हणाल्या, आता बंद कर. मी बंद केला."

"का बंद केलात?"

"मॅडम, कसं सांगू. बंद कर म्हणाल्या. तुमीपण केला असता."

मी विचारलं, त्या वेळचा मूळ आवाज कुठं आहे का? आणि निंगप्पांनी माझ्यावर उपकार केले, किंवा काय केलं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ते म्हणाले, आवाज आहे, त्याच चकतीत आहे. "गिऱ्हाइकाला गाणं लागतंय, आणि म्हाताऱ्या माणसांना पाळणा ऐकू यायला लागतंय. म्हणून मी एका बाजूला गाणं टाकायचो आणि एका बाजूला खरा आवाज. टीव्हीवर दोन्ही मिसळतंय. तुमी डावं बंद करा."

आणखी एक फुकटचं सॉफ्टवेअर आणलं. यात हेडफोनचं चित्र होतं. अव्वांनी त्याला हरकत घेतली नाही. आवाजाच्या वर-खाली दोन पट्ट्या दिसतात, निळ्या, काट्याकुट्यांच्या. वरची डावी, गाण्याची, दाट. खालची विरळ. मी वरची पुसून टाकली.

भर दुपार होती. अव्वा झोपल्या होत्या, पंखा गरम हवा ढवळत होता. शिवानी आतल्या खोलीत बाहुलीला आंघोळ घालत होती. मी इअरफोन कानात घट्ट बसवले.

बायकांचा गलका. भांडं पडल्याचा आवाज. आईचं 'सावकाश, सावकाश'. शिवानीचं रडणं, ताजं, कोवळं, काळजात घुसणारं. मग कापड सळसळलं आणि सगळं जवळ आलं. ती बाई बाळाच्या कानाशी बोलली खरी, पण आवाज असा आला की जणू माझ्याच कानाशी तोंड लावलंय. एकच नाव. अगदी साधं नाव, आपल्याकडे घरोघरी असतं तसलं. स्पष्ट, प्रेमानं.

आणि आतल्या खोलीतून आवाज आला, "ओ!"

आधी मला फक्त आनंद झाला. खरं सांगते, दुसरं काहीच सुचलं नाही. माझ्या मुलीनं आयुष्यात पहिल्यांदा ओ दिली होती! ती ओल्या हातांनी पळत आली, माझ्यासमोर उभी राहिली, म्हणाली, "काय?"

"काय, काय?"

"हाक मारलीस की."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इअरफोन अजून माझ्या कानात होते.

संध्याकाळी बसवेशनं याचा शास्त्रीय उलगडा केला. इअरफोनमधून आवाज गळतो. पंख्याच्या आवाजातून, भिंतीतून, आंघोळ घालणाऱ्या मुलीपर्यंत गळतो. मी म्हटलं, घालून बघ. त्यानं घातले, मी आतल्या खोलीत जाऊन कान देऊन बसले. मला काही ऐकू आलं नाही. शिवानी माझ्या शेजारून उठली आणि "ओ, आले" म्हणत बाहेर गेली. बसवेशनं इअरफोन काढले, घडी घातली आणि रात्रीपर्यंत क्रिकेटसुद्धा लावलं नाही.

अव्वांना सगळं सांगितलं. त्यांनी ते नाव ऐकायला नकार दिला. देवासमोर नेऊन माझ्याकडून वचन घेतलं. "तोंडानं घ्यायचं न्हाई ते. आपण घेतलं की आपण मानलं. त्या बाईचं आणि पोरीचं काय हाय ते आपल्याला ठावं न्हाई."

बसवेशला मात्र व्यवहारी मार्ग सुचला. पोरगी त्याच नावाला ओ देते ना? मग कागदोपत्री तेच नाव करून टाकू, हजेरी लागेल, पहिलीत जाईल, विषय संपला. दुसऱ्या दिवशी तो नाव बदलण्याचे अर्ज भरून देणाऱ्या माणसाकडे गेला. घरी येऊन त्यानं मला तो संवाद जसाच्या तसा सांगितला, कारण असले अपमान माणूस विसरत नाही.

"जुनं नाव?"

"शिवानी."

"नाव बदलायचं कारण?"

"ओ देत नाही."

त्या माणसानं पेन खाली ठेवलं, मग शिस्तीत पुन्हा उचललं. "'वैयक्तिक कारण' लिहितो. नवीन नाव?"

"ते तोंडानं घ्यायचं नाहीये."

"बरं, कागदावर लिहून द्या."

"घरी विचारायला लागेल, लिहिलेलं चालतं का."

"साहेब," तो माणूस म्हणाला, "मी इथं लई प्रकारचे लोक बघितलेत. पण नवीन नाव न सांगता नाव बदलायला आलेले तुम्हीच. पुढं कोण आहे, या!"

डॉक्टरांकडे जायचा दिवस आला. पेनड्राइव्ह माझ्या पर्समध्ये होता, फाईल होती, सगळं होतं. केबिनमध्ये त्यांनी फाईल लावली आणि त्या जागेवर पडदा काळा झाला. पुढे श्रीदेवी, गुद्दे, रडणं, सगळं व्यवस्थित दिसत होतं. तेवढाच तुकडा काळा. मी म्हणाले, घरी दिसत होतं हो. डॉक्टर म्हणाल्या, होतं असं, फुकटची सॉफ्टवेअर. त्यांच्या आवाजातली ती माया मला मुख्याध्यापिकांच्या 'तसं'ची आठवण करून गेली.

"आपण आत्ताच बघू," त्या म्हणाल्या. शिवानी ठोकळ्यांचा मनोरा रचत बसली होती, आमच्याकडे पाठ. डॉक्टर तिच्या मागे उभ्या राहिल्या. "शिवानी." काही नाही. "शिवानी!" मनोऱ्यावर आणखी एक ठोकळा. डॉक्टरांनी मला खुणावलं. मी हाक मारली. शिवानी, बाळा, शिवानी. तिची छोटी पाठ, वेणीची टोकं, मानेवरची घामोळी, सगळं मला दिसत होतं, आणि मी तिच्या लेखी नव्हतेच. डॉक्टर टेबलाकडे वळल्या. त्यांनी पेन उघडलं. आता जे लिहिलं जाणार होतं ते माझ्या मुलीच्या मागे शाळेशाळेतून फिरणार होतं.

मी वचन मोडलं. ते नाव घेतलं. कुजबुजत घेतलं, पण घेतलं.

"ओ," शिवानी म्हणाली, आणि वळली.

माझ्याकडे बघून तिला नवल वाटल्यासारखं दिसलं. खूप आनंद झाल्यासारखंही. "तू मारलीस होय हाक?" ती म्हणाली. "मला वाटलं ती. रोज तीच मारते."

डॉक्टरांनी तिचं वळणं तेवढं टिपलं आणि पुन्हा लिहायला लागल्या. "बघा! वळली की नाही?" त्या म्हणाल्या. "घरात लाडाचं नाव जास्त वापरता तुम्ही, म्हणून गोंधळते. काही नाहीये तिला. शाळेत तेच नाव सांगा." पत्रावर शिक्का मारताना त्यांनी विचारलं, "काय हो म्हणालात तुम्ही? मला नीट ऐकू नाही आलं."

मी सांगितलं नाही. इथंही लिहीत नाही. तुमच्यापैकी कुणी सहज मोठ्यानं वाचलं तर?

शिवानीचं पहिलीचं नक्की झालं. हजेरीच्या वेळी बाई तिच्या खांद्याला हात लावतात आणि ती 'हजर' म्हणते. तेवढी सोय शाळेनं करून दिली. श्रीदेवीला आम्ही नवी साडी घेतली, दुखऱ्या पाठीपोटी. घरी मात्र मी सकाळपासून हाका मारत असते, त्याच नावानं. उठताना, डबा भरताना, कपड्यांच्या घड्या घालताना. काम काहीच नसतं. "ओ" आली की मी म्हणते, काही नाही गं, सहज. झीनतभाभींना वाटतं मी कसला तरी जप सुरू केलाय. अव्वा आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी त्यांना म्हटलं, अव्वा, ती रोज मारते. तिची हाक पोहोचायला मध्ये जागाच ठेवायची नाही, एवढंच मला कळतंय. तेव्हापासून मी आंघोळीला गेले की अव्वा स्वयंपाकघरातून, देवाकडे न बघता, हाक मारतात.

पोर गुणी आहे. प्रत्येक हाकेला ओ देते.

काल दुपारी मी भाकऱ्या करत होते. थापता थापता एक हाक मारली.

"ओ," शिवानी बाहेरच्या खोलीतून म्हणाली.

"काही नाही गं, सहज."

मी भाकरी उलटली. तव्यावरून वाफ उठली. आणि मग, मी काहीही न बोलता, ती पुन्हा म्हणाली, "ओ! आले." पावलं वाजली. स्वयंपाकघराकडे नाही. बाहेरच्या दाराकडे.

मी पिठाच्या हातांनीच धावले. ती टाचा उंचावून कडीला हात घालत होती. मी तिच्या आणि दाराच्या मध्ये शिरले, दाराला पाठ लावून उभी राहिले, आणि तिच्या तोंडाकडे बघून हाक मारली. मोठ्यानं. दारापलीकडच्यापेक्षा मोठ्यानं.